आबांच्या हातातली दिवटी

त्या दिवशी सकाळी मी देवीकडे जे मागितलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही. आता आबा नाहीत आणि माझीही पन्नाशी उलटली, तेव्हा एकदाचं लिहून टाकावं म्हणते. मी देवीची ओटी भरली, डोळे मिटले आणि मनात म्हणाले, "आई, यातून मला सोडव." कशातून, ते बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती. बाहेर पायरीवर आबा, म्हणजे माझे सासरे, बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, "बार्शीची गाडी किती वाजता हाय?"

आम्ही मूळचे बार्शीकडचे. ह्यांना बोईसरला एका कारखान्यात फिटरचं काम मिळालं म्हणून इकडे आलो आणि बेटेगावच्या एका चाळीत दहा-बारा वर्षं काढली. सासूबाई गेल्या तेव्हा आबांना घेऊन आलो. गावी त्यांची बरीच ऐट होती. डोक्याला पांढराशुभ्र पटका, शब्द मोजून बोलणं, आणि गावच्या छबिन्यात देवाच्या पालखीपुढे दिवटी धरायचा मान. तो आमच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या होता आणि आबांनी चाळीस वर्षं सांभाळला. असा माणूस चाळीत आल्यावर वर्षभरात विझत गेला. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे, मग जेवलो की नाही ते, मग मी कोण ते. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा विसरण्याचा आजार आहे, औषधानं सावकाश वाढेल, पण मागे फिरणार नाही. तेव्हापासून मी आबांसाठी गोदा झाले. गोदा म्हणजे माझ्या सासूबाई. "गोदे, च्या ठेव," म्हणायचे. मी ठेवायची. कप हातात दिला की, "ही कोण बाई?"

मी तशी तापट. पहिले सहा महिने समजावून सांगितलं, पुढे ओरडायला लागले, आणि त्यानंतर गप्प बसायला लागले, जे ओरडण्याहून वाईट होतं. चाळीत आजूबाजूला सगळे हिंदी बोलणारे कामगार. भले होते बिचारे, पण आबांचं बोलणं त्यांना कळायचं नाही आणि त्यांचं आबांना. दोनदा ते घराबाहेर पडून भलतीकडे गेले. तेव्हा ह्यांच्या ओळखीतल्या एकानं सुचवलं, म्हणून तारापूरच्या बाजूला किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात, एका वाडीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. नारळ, चिकू, पांढऱ्या रसाळ जामांची दोन झाडं, आणि कुंपणापलीकडे वाळू. घरमालकीण नलूकाकी, साठीच्या पुढची, वाडी राखून असलेली. तिनं पहिल्याच दिवशी आबांच्या पुढ्यात ताडगोळे सोलून ठेवले आणि मला म्हणाली, "सोड त्यांना वाडीत. इथं कोण हरवत नाय." मला ते खोटं वाटलं. समुद्र पाहून आबा म्हणाले होते, "तळ्याला लईच पूर आलाय." अशा माणसाला मोकळं कसं सोडायचं? मी दाराला आतून कडी घालूनच झोपायची.

आम्ही फाल्गुनात राहायला गेलो आणि चैत्रात गावदेवीची जत्रा आली. काकी आठ दिवस आधीपासून जत्रेखेरीज दुसरं बोलत नव्हती. पालखी देवळातून निघते, वाडीवाडीतून फिरते, कोळीवाड्यात जाते, समुद्रावर देवीचे पाय धुतात आणि दिवेलागणीनंतर परत देवळात येते. पुढे दोन दिवट्या असतात, दिवसाउजेडीही पेटवलेल्या. आणि एक रीत तिनं मला मुद्दाम सांगितली. देवी देवळाबाहेर असेतो जो कुणी तिच्या पालखीच्या कामाला हात लावील, तो तिचा माणूस. त्याला नाव-गाव विचारायचं नाही आणि त्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं नाही. त्यानं आपणहून दिलं तरच घ्यायचं, आणि ज्याच्या हातात देईल, त्याचा पुढचा मान. "मग कोणी परका आला तरी?" मी विचारलं. काकी म्हणाली, "ती बाहेर पडली की परका कोण उरतो गं?" मी नुसतं हं म्हटलं. इकडची एक गंमत म्हणून ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

जत्रेच्या सकाळी ओटी भरून घरी आलो होतो; दुपारी ऊन उतरायला लागल्यावर मी आबांना घेऊन जत्रेत गेले. ह्यांची दुसरी पाळी होती, ते रात्रीशिवाय यायचे नव्हते. खरं सांगते, जत्रेच्या तोंडाशी पोचले आणि माझं वय गळून पडलं. तेच खाज्यांचे ढीग, त्याच बांगड्यांच्या दोऱ्या, पिपाण्यांचा तोच कलकलाट. माझ्या माहेरच्या जत्रेत बोरं असायची, इथे ताडगोळे आणि जाम होते. तिकडे धुरळा उडायचा, इथे पायाखाली वाळू, आणि एका कडेला कोळणी सुकट-बोंबलाचे वाटे मांडून बसलेल्या. एवढाच काय तो फरक. लग्नानंतर मी जत्रा पाहिली होती ती सासरची, डोक्यावर पदर घेऊन, नैवेद्याचं ताट सांभाळत. हिंडणारी जत्रा माहेरीच राहिली होती. त्या दिवशी मी हिंडले. हिरव्या बांगड्या भरल्या. आबांना खाजं दिलं, ते त्यांनी लहान मुलासारखं दोन्ही हातांनी धरून खाल्लं. कुणी "वहिनी, या" म्हटलं, कुणी आबांना पाणी दिलं. नव्या माणसाला गाव इतकं सहज आत घेतं, हे मी चाळीत राहून विसरूनच गेले होते.

आणि मग मला आकाशपाळणा दिसला. लहान होता, रंग उडालेला. माहेरी शेवटचा बसले तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण डोळे गच्च मिटून बसली होती. आता माझं वय शेहेचाळीस, हाताशी सासरे, आणि मला पाळण्यात बसायचं होतं. हसू येतं, पण बसायचंच होतं. मी आबांना समोरच्या, देवळाजवळच्या पिंपळाच्या पारावर बसवलं, शेजारच्या सरबतवाल्याला म्हटलं, "जरा बघा यांच्याकडे," आणि आबांना बजावलं, "इथून हलायचं नाही." ते म्हणाले, "बरं गोदे."

पाळणा वर गेला आणि मी मोठ्यानं हसले. कितीतरी महिन्यांनी हसले असेन. वरून माडांचे शेंडे दिसत होते, त्यांच्या मागे भरतीचा समुद्र, कोळीवाड्यातल्या होड्यांवरची निशाणं, आणि देवळापाशी पालखी उचलल्याचा गुलाल. वारा कानात भरला होता. माझ्या मनात आलं, असंच कायम असतं तर. कुणी हाक मारणारं नाही, कुणाच्या मागे धावायचं नाही. ते मनात आलं आणि मी खाली पाराकडे पाहिलं. पार रिकामा होता.

पाळणा खाली आला, मी ओरडले, आणि पाळणा पुन्हा वर गेला. "भैया, थांबवा, उतरायचं आहे." पाळणेवाल्याला वाटलं, बाई घाबरली. "बैठो माताजी, दो चक्कर और है," म्हणून तो हसत राहिला. दर फेरीला वर गेले की मला अख्खं गाव दिसायचं आणि त्यात पांढरा पटका कुठेच नसायचा. त्या दोन फेऱ्यांत मला कळलं की मी सकाळी काय मागितलं होतं. यातून सोडव, म्हटलं होतं. देवीनं ऐकलं होतं. इतकं लवकर ऐकेल असं वाटलं नव्हतं, एवढंच.

उतरल्यावर सरबतवाल्याला विचारलं. पालखी निघाली तशी गर्दी उसळली, तेवढ्यात म्हातारबाबा उठले असतील, तो म्हणाला, आणि बिचारा स्वतःच रडकुंडीला आला. तिथेच कुणीतरी सांगितलं, "पालखीकडं बघा." पण मी तिकडे गेलेच नाही. आबांना गर्दी सोसत नव्हती, ढोल वाजला की ते कानांवर हात ठेवायचे. मी त्यांना ओळखून होते ना. त्यांची आंघोळ, औषधं, झोप, सगळं माझ्या हातून चालायचं, मग ते कुठे जातील हे माझ्याशिवाय कोण सांगणार? ते शांत जागा शोधतील, असं मी ठरवलं आणि ढोलांच्या उलट्या दिशेनं धावत सुटले. एसटीच्या थांब्यावर पाहिलं. वाडीत पाहिलं. काकीच्या विहिरीत वाकून पाहिलं, आणि पाण्यात माझाच चेहरा दिसला. ह्यांना फोन लावला, पण कामावर फोन बाहेर ठेवावा लागतो, तो नुसता वाजत राहिला. शेवटी किनाऱ्यावर गेले. भरती पुरती चढली होती. ओल्या वाळूत पावलं शोधत मी सुरूच्या बनापर्यंत गेले आणि परत आले.

तिथे मी खाली बसले आणि रडले. भीतीनं रडले, त्याहून जास्त लाजेनं. ह्यांना काय तोंड दाखवू, हे मनात पहिल्यांदा आलं, आणि आबांना पोहता येत नाही, हे त्यानंतर आलं. हा क्रम मला अजून आठवतो. मी समुद्राकडे पाहून म्हणाले, "मी ते परत घेते. नको मला सुटका. मला काहीच मागता येत नाही गं, तूच बघ आता." त्याआधी आयुष्यभर मी देवापुढे यादीच वाचत आले होते. त्या दिवशी यादी संपली.

जत्रेतला धंदा आवरून एक कोळीण वाळूतून घराकडे निघाली होती. डोक्यावर पाटी, नऊवारीचा घट्ट काष्टा, वय माझ्याएवढंच असेल. मला पाहून थांबली. "काय झाला गं बाय?"

मी सांगितलं. सगळं नाही, आबा हरवले एवढंच.

"पालखीकडं बघितलास?"

"ते तिकडे जायचे नाहीत. त्यांना ढोल सोसत नाहीत."

"तुला काय ठावं?" ती म्हणाली. रागानं नाही, अगदी सहज. "तू त्यांची सून हायस. देवी आय हाय." पाटी तिनं तिथेच वाळूवर उतरवून ठेवली, माझा दंड धरला आणि मला उठवलं. तिच्या हाताला सुकटीचा वास होता आणि पकड अशी की नाही म्हणायची सोयच नव्हती. आम्ही किनाऱ्यानं कोळीवाड्याकडे चालत राहिलो. ढोल जवळ आले तेव्हा तिनं माझा दंड सोडला आणि हनुवटीनं पुढे दाखवलं.

सूर्य बुडायला टेकला होता. पालखी होड्यांमधून पाण्याकडे उतरत होती. तिच्यापुढे दोन दिवट्या. डावीकडची एका दांडग्या तरुणानं धरली होती. उजवीकडची आबांच्या हातात होती.

मी काय पाहिलं ते जसंच्या तसं सांगते. पाठ ताठ, मान वर, पटका नीट बांधलेला. दिवटी त्यांनी कपाळाच्या उंचीवर धरली होती आणि वाऱ्याकडे अंग वळवून चालत होते, म्हणजे ज्योत देवीच्या अंगावर जाऊ नये. ज्योत मंदावली की हात किंचित खाली घेऊन शेजारच्या माणसाच्या बुधलीतून तेल घ्यायचे, चिंधीवर ओतायचे, एक थेंबही सांडायचा नाही. कानाशी ढोल वाजत होते आणि त्यांना ते ऐकूही येत नव्हते, किंवा पहिल्यांदाच नीट ऐकू येत होते. घरी या माणसाला सदऱ्याची गुंडी लावता येत नव्हती.

मी धावत गेले आणि त्यांचा हात धरला. "आबा, चला घरी."

बुधलीवाला म्हातारा मध्ये आला. "नाय बाई. देवी बाहेर हाय."

"हे माझे सासरे आहेत. आजारी आहेत. त्यांना काही कळत नाही."

"त्यांना सगळा कळतं," तो म्हणाला. मग थांबून त्यानं समजावलं. ती दिवटी त्याच्या घरची होती. त्याचे गुडघे गेले होते, पोरगा परगावी, यंदा कसं व्हायचं या काळजीत तो होता. पालखी उचलायच्या वेळी त्यानं दिवटी क्षणभर पिंपळाला टेकवली, तेवढ्यात आबांनी ती उचलली आणि पालखीपुढे जाऊन उभे राहिले. "मी म्हटला, आईनं माणूस धाडला. आता ते देतील तवाच आमी घेणार. तुमची कालजी मला कळते बाई. पण आज तुमी नुसत्या मागं चला."

नुसतं मागं चालणं मला कधी जमलेलं नव्हतं. आबांच्या पुढेच चालायची मी, त्यांना ओढत. पण त्या म्हाताऱ्यानं तेलाची बुधली माझ्या हातात दिली आणि मी चालले. समुद्रावर देवीचे पाय धुतले. परतीच्या वाटेवर प्रत्येक दारात पाट मांडलेला होता, बायका पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या आणि पालखीच्या माणसांच्या पायांवर पाणी घालत होत्या. आबांच्या पायांवर घातलं, मग माझ्याही घातलं. कुणी विचारलं नाही, तुम्ही कुठल्या. काकीच्या दारात आलो तेव्हा तिनं आमच्याकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि पाणी घातलं. त्या थंड पाण्यानं माझा दिवसभराचा सगळा ताठा उतरला. ज्योत मंद झाली की आबा मान न वळवता म्हणायचे, "त्याल." मी बुधली पुढे करायची. एवढंच बोलणं. पण ते काम सांगणं होतं, आणि गेल्या तीन वर्षांत त्यांनी मला सांगितलेलं ते पहिलं शहाणं काम होतं.

पालखी देवळाच्या दाराशी आली तेव्हा अंधार पडू लागला होता. दिवटी आता कुणाला तरी द्यायची होती. म्हातारा हात पुढे करून उभा राहिला. आबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं, आणि मला वाटलं, संपलं, आता विचारतील बार्शीची गाडी. त्यांची नजर माझ्यावर आली.

"सूनबाई," ते म्हणाले, "धर. खाली ठिऊ नगं."

मी दिवटी धरली. दांडा त्यांच्या हातानं उबदार झाला होता. म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला, मग त्यानं हात जोडले. बाईच्या हातात दिवटी त्या गावात तोवर कधी गेली नव्हती, हे मला नंतर कळलं. पण आबांनी दिली होती आणि देवी उंबऱ्याच्या बाहेरच होती, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही.

हे रात्री घरी आले. मी त्यांना दिवटीचं सांगितलं, पाळण्याचंही सांगितलं, सकाळच्या मागण्याचं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी आबा उठले आणि म्हणाले, "गोदे, च्या ठेव." मी ठेवला. म्हणजे चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. आजार होता तसाच राहिला, पुढे वाढलाही. पण त्या दिवसानंतर मी कडी काढली. ते वाडीत हिंडायचे, काकी, सरबतवाला, तो दिवटीचा म्हातारा, कुणी ना कुणी त्यांना हाताला धरून आणून सोडायचं. सगळं मीच सांभाळते, हा माझा भ्रम होता आणि त्याच्याच ओझ्यानं मी वाकले होते. आबांच्या ओझ्यानं नव्हे. त्या कोळणीला मी पुढे कितीदा शोधलं. सुकटीच्या बाजारात पाहिलं, कोळीवाड्यात विचारलं. सापडली नाही. काकी म्हणाली, "देवी बाहेर होती तवा भेटली ना? मग कशाला विचारतेस कोण ती?" मी विचारायचं सोडलं.

आबा आणखी दोन वर्षं जगले. एका दुपारी, जाम पिकायच्या दिवसांत, वाडीतल्या खाटेवर झोपले ते उठले नाहीत. मी मागितलेली सुटका मला मिळाली, आणि ती मिळाल्यावर मी कितीतरी दिवस सकाळी आबांच्या वाटणीचाही चहा टाकत होते.

दर चैत्रात दिवटी माझ्याकडे येते. तिला जुन्या सुती कापडाची चिंधी गुंडाळावी लागते, नव्या कापडाला ज्योत नीट धरत नाही. मी आबांच्या धोतराची पट्टी फाडते. काठाकडची नाही, मधली, त्यांच्या अंगानं मऊ झालेली. मग पालखीपुढे उभी राहते, वाऱ्याकडे अंग वळवून, त्यांनी धरली होती तशी. यंदा मी चिंधी गुंडाळत असताना ह्यांनी पेटीत पाहिलं आणि म्हणाले, "दोनच धोतरं उरलीत. ती संपल्यावर गं?"

एके काळी याचंही उत्तर मी तयार ठेवलं असतं. मी पट्टीचा शेवटचा वेढा घट्ट केला आणि म्हटलं, "ते तिचं ती बघेल. तुम्ही तेल आणा."